नेपियर खुजं राहतंय, मका पट्टेरी दिसतोय? चाऱ्यात रोग पसरवणारे मावा-तुडतुडे आणि त्यांचा बंदोबस्त

पान पिवळं पडलं की युरियाचं पोतं फोडायचं, ही आपल्या पुणे जिल्ह्यातली सर्वमान्य ट्रीटमेंट. आठ-दहा दिवसात फरक नाही पडला की कृषी सेवा केंद्रात जाऊन "काहीतरी स्ट्राँग द्या". टोमॅटो-मिरचीत माणूस निदान "व्हायरस आला का" असं तरी विचारतो, पण नेपियर (हत्तीगवत), मका, कडवळ (चाऱ्याची ज्वारी), ओट यांनाही असे रोग होतात आणि ते रस शोषणारे किडे पसरवतात हे डोक्यातच येत नाही, कारण वैरण काय, उगवतेच की. मग दोन-तीन कापण्यात ठोंब निम्मा होतो आणि दोष पाण्याला, जमिनीला नाहीतर जातीला जातो.

हे लिहितोय ते कालव्याच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यावर अर्धा-एक एकर चारा करून दूध घालणाऱ्यांसाठी, म्हणजे दौंड, शिरूर, इंदापूर, बारामती, जुन्नर या पट्ट्यातल्या आपल्यासारख्या लोकांसाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: चाऱ्यात किडा मारणं हे सगळ्यात शेवटचं काम. पहिलं काम म्हणजे एक पीक निघून दुसरं उभं राहीपर्यंत रोग कुठं मुक्कामाला असतो ते शोधायचं आणि ती जागा मोडायची. ती जागा बहुतेक वेळा तुमचं बेणं असतं, नाहीतर जुना ठोंब, नाहीतर बांध.

किडा नेमका करतो काय

मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, यांना पान कुरतडायला जबडाच नाही. इंजेक्शनच्या सुईसारखी सोंड असते, ती पानात खुपसायची, आधी लाळ सोडायची आणि मग रस ओढायचा. रोगट झाडाचा रस प्यायला, तीच सोंड निरोगी झाडात घातली, झालं काम. पण इथं तीन वेगळे प्रकार आहेत आणि उपाय त्याच्यावरच ठरतो, म्हणून हा भाग जरा नीट वाचा.

पहिला प्रकार "शिवून पळणारा". मक्याचा आणि उसाचा मोझॅक, म्हणजे पानावर फिकट तुकडे-तुकडे पाडणारा व्हायरस रोग, असा पसरतो. मावा पानावर बसला की आधी नुसती चव बघतो, काही सेकंदाची टोचणी. तेवढ्यात व्हायरस सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडाची चव बघताना तिथं सुटतो. दोन-चार टोचण्यात नाहीतर थोड्या वेळात सोंड पुन्हा स्वच्छ. गंमत अशी की तो मावा मक्यावर राहणाराच पाहिजे असं पण नाही, दुसऱ्याच पिकावरचा पंखवाला मावा वाटेत उतरून चव बघून पुढं गेला तरी रोग देऊन जाऊ शकतो. म्हणून कधी कधी पानावर मावा शोधून सापडत नाही आणि मोझॅक मात्र पसरत असतो. इथं फवारणीचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण औषधाने मावा मरेपर्यंत त्याने दहा झाडांची चव बघितलेली असते.

दुसरा प्रकार "पोटात घेऊन फिरणारा". ओट, बार्ली, गहू आणि थंड देशातलं रायग्रास यांच्यावरचा यलो ड्वार्फ व्हायरस या गटातला, १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात तो व्हायरस असल्याचं पहिल्यांदा ओळखलं गेलं. हा व्हायरस फक्त अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांमध्ये असतो, त्यामुळे माव्याला तिथं सोंड पोचवून बराच वेळ, म्हणजे काही तास निवांत प्यावं लागतं. मग तो आतड्यातून रक्तात, रक्तातून लाळेच्या ग्रंथीत जातो. एकदा गेला की मावा मरेपर्यंत रोग देत राहतो, कात टाकली तरी जात नाही. पिल्लांना मात्र जन्मतः मिळत नाही, त्यांना परत रोगट झाडच प्यावं लागतं.

तिसरा प्रकार सगळ्यात चिवट, रोगजंतू किड्याच्या अंगातसुद्धा वाढतो. ज्वारी-मक्याच्या पोंग्यात जे पिवळट-तपकिरी तुडतुडे गर्दी करून बसतात ना, जे चिकट गोड पाणी सोडतात, ते मक्याच्या पट्टे रोगाचा व्हायरस असाच नेतात आणि तो अंड्यातून पुढच्या पिढीतही उतरतो. फायटोप्लाझ्मा नावाचे जंतू पण याच प्रकारात येतात. हे म्हणजे पेशीभित्ती नसलेले जिवाणू, पसरवतात मुख्यतः तुडतुडे. तुडतुड्याने रोगट झाड प्यायल्यानंतर तो दुसऱ्याला रोग द्यायला लागेपर्यंत साधारण दोन-चार आठवडे जातात. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

नेपियरवाल्यांनी पूर्व आफ्रिकेकडं बघायला पाहिजे. केनिया, युगांडा, इथिओपिया इथले छोटे दूधवाले पूर्ण नेपियरवर अवलंबून, आणि तिथं नेपियर स्टंट नावाच्या फायटोप्लाझ्मा रोगाने प्लॉटच्या प्लॉट बसवले. पानं बारीक पिवळी, पेरं आखूड, बुडातून झाडूसारखे फुटवे आणि ठोंब शेवटी वाळून जातो. केनियात हा रोग नेणारा तुडतुडा २००९ मध्ये सापडला. पण लांब लांब गावात रोग गेला तो तुडतुड्याने नाही, माणसाने दिलेल्या बेण्यातून. लक्षण बहुतेक वेळा पहिल्या वाढीत दिसतच नाही, कापणी झाल्यावर नव्या फुटव्यात दिसतं, त्यामुळे देणाऱ्याला पण कळत नाही आणि घेणाऱ्याला पण.

आपल्याला हे लांबचं वाटेल, पण उसातला गवताळ वाढीचा रोग आठवा. तो पण फायटोप्लाझ्माच, १९४९ च्या सुमारास आपल्या शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नोंदला गेला, आणि तोही बेण्यातून जातो आणि तुडतुडा पसरवतो. आपल्याकडं एका बाजूला ऊस, मधे बांध, पलीकडं नेपियर असं चित्र घरोघरी आहे.

पायरी १: बघायचं कसं

सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत, तेव्हा तुडतुडे सुस्त असतात. प्लॉटच्या कडेकडेने न फिरता आत शिरून पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी चार-पाच ठोंब. पानाची खालची बाजू, पोंगा आणि बुडाचे फुटवे, या तीन जागा. पांढरी ताटली नाहीतर कागद खाली धरून पानावर टिचकी मारा, जे पडेल ते बघा. मावा हलतो हळू, तुडतुडा तिरपा चालतो आणि उडी मारतो. भिंग अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं, नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा, तेवढं पुरतं. जुन्या मच्छरदाणीची जाळी तारेच्या रिंगणाला शिवून गवतावरून झाडूसारखी फिरवली तर तुडतुडे चांगले सापडतात.

आणि मुंग्या बघा. ठोंबावर मुंग्यांची ये-जा चालू असेल तर वर मावा नाहीतर पिठ्या ढेकूण आहे असं समजायला हरकत नाही.

शंका आलेल्या ठोंबाला लाल चिंधी बांधा. नुसतं "त्या कोपऱ्यात दिसलं होतं" असं चालत नाही, पंधरा दिवसांनी कोपरा सापडत नाही.

पायरी २: आधी खताची कमतरता आहे का ते काढून टाका

इथं लोक जास्त फसतात. नत्र कमी असेल तर जुनं, खालचं पान शेंड्याकडून मधल्या शिरेच्या कडेने पिवळं होतं आणि सगळ्या प्लॉटमध्ये कमी-जास्त सारखं दिसतं. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही तेव्हा नवीन पान शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळं पडतं, पट्टे अगदी सरळ, बुडापासून टोकापर्यंत. जस्त कमी असलं तर मक्याच्या नव्या पानाच्या बुडाशी मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूला पांढरट रुंद पट्टा येतो. पाणी साचलं की सखल भागच पिवळा होतो.

मोझॅकमध्ये हिरव्यावर फिकट तुकडे-तुकडे, रेषा मधेच तुटलेल्या, कोवळ्या पानावर जास्त स्पष्ट, पान उन्हाकडं धरून बघितलं की लगेच कळतं. पट्टे रोगात बारीक फिकट ठिपके जोडले जाऊन लांब पिवळे पट्टे होतात आणि शेंडा कधी वाकतो. ओटमध्ये यलो ड्वार्फ आला तर पान टोकाकडून लालसर-जांभळं होत येतं आणि झाड बसकं राहतं. फायटोप्लाझ्मात खुजेपणा आणि बारीक फुटव्यांची गर्दी. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे एक ठोंब खराब, त्याला चिकटून असलेला ठोंब ठणठणीत. खताची कमतरता असं एकाला सोडून एकाला गाठत नाही.

रेड नेपियर लावलेल्यांनी घाबरू नका, त्याचं पान मुळातच जांभळं असतं.

नुसत्या डोळ्याने व्हायरस का फायटोप्लाझ्मा हे शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, त्याला लॅबमध्ये पीसीआर (रोगजंतूचा डीएनए-आरएनए शोधणारी तपासणी) करावी लागते. नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना घेऊन विचारा. नमुना म्हणजे वाळलेलं पान नाही बरं का, कोवळा जिवंत फुटवा ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत.

पायरी ३: कापा आणि थांबा

चारा पिकाचा एक मोठा फायदा आहे जो भाजीवाल्याला नाही, आपण कापू शकतो. चिंधी बांधलेल्या ठोंबाच्या आसपासचा भाग कापा, हलकं पाणी द्या आणि तीन-चार आठवडे फुटवा बघा. फुटवा जाड, रुंद पानाचा आला तर बहुधा खताची किंवा पाण्याची भानगड होती. बारीक, पिवळा, दाट झाडूसारखा आला तर तो ठोंब परत सुधारायची वाट बघू नका, त्याच्यावर कसलंही टॉनिक चालत नाही. गावात कोणीतरी टेट्रासायक्लिन फवारा असं पण सांगतो. त्याने फायटोप्लाझ्मा काही दिवस दबतो, मरत नाही, आणि तोच चारा म्हशीच्या पोटातून तुमच्या दुधात. अजिबात नको.

ठोंब काढायचा तर मुळासकट, सकाळच्या थंड वेळी, जागेवरच पोत्यात भरून. दुपारी उन्हात हलवत बसलात तर तुडतुडे उडून शेजारच्या ठोंबावर. आणि काढलेला ठोंब बांधावर फेकू नका!! नेपियरची कांडी बांधावर पडली आणि एक पाऊस झाला की ती तिथंच उगवते, मग तुम्ही स्वतःच रोगाची नर्सरी लावली असं होतं. कुट्टी करून खाऊ घाला नाहीतर मुरघासात टाका. वनस्पतीचे व्हायरस, फायटोप्लाझ्मा जनावराला लागत नाहीत, दुधाला काही होत नाही. फक्त एक अपवाद सांभाळा, खुजं राहिलेलं, ताण बसलेलं कोवळं कडवळ आणि कापणीनंतरचं किराळ, यात सायनाइडचं विष असू शकतं, ते रोगाने खुजं असलं तरी तोच नियम, हिरवं तसंच पुढ्यात टाकायचं नाही. आणि माव्याच्या चिकट्यावर काळी बुरशी चढलेली वैरण जनावर तोंड लावून सोडून देतं, म्हणून काळं पडायच्या आत कापलेलं बरं.

पायरी ४: बेणं (इथं सगळ्यात जास्त वेळ घाला)

नेपियर आपण कांडीने लावतो, बियाने नाही. म्हणजे आईच्या अंगातला रोग थेट पोरात. यलो ड्वार्फ बियातून जात नाही, मक्याचा मोझॅक बियातून फार कमी जातो, पण कांडीतून सगळंच जातं. त्यामुळे फुले जयवंत असो, बाएफ या पशुपालनात काम करणाऱ्या संस्थेची जात असो, नाहीतर सुपर नेपियर नि फोरजी बुलेट असो, जात कोणती यापेक्षा कांडी कुणाच्या प्लॉटमधली हे मोठं.

मोबाईलवर फोटो बघून कुरिअरने कांड्या मागवायची फॅशन आहे सध्या, दोन डोळ्यांची कांडी इतक्या रुपयाला, फोटोत माणूस गवताच्या मधे हात वर करून उभा. त्या फोटोवरून रोगाचं काही कळत नाही. जमलं तर प्लॉट बघून घ्या, आणि तो पण कापणीनंतर महिन्याने बघा, दहा फूट उंच वाढलेला असताना नाही, कारण उंच वाढीत लक्षण लपतं. उरुळी कांचनला बाएफ आहे, राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, बेण्याची चौकशी तिथून सुरू करा.

घरचं बेणं घ्यायचं असेल तर एक छोटा तुकडा, दोन-तीन गुंठे, फक्त बेण्यासाठी राखा. मुख्य प्लॉटपासून आणि उसापासून जितका लांब जमेल तितका. त्यातला संशयास्पद ठोंब दिसला की लगेच बाहेर, इथं दयामाया नाही. किमान दोन कापण्यांमध्ये स्वच्छ राहिलेल्या ठोंबाचीच कांडी घ्या. "राहिलेल्या बारक्या काड्या लावून टाकू" हा मोह आवरा, कारण त्या बारक्या आहेत म्हणूनच तर राहिल्या. आणि कांडी औषधात बुडवली की रोग गेला असं समजू नका, त्याने वरचा पिठ्या ढेकूण मरेल, आतला फायटोप्लाझ्मा नाही. उसाच्या बेण्याला उष्ण हवेची, गरम पाण्याची प्रक्रिया करतात ती आतल्या जंतूसाठीच असते, पण उसाचं तापमान आणि वेळ उचलून नेपियरच्या कांडीला लावू नका, डोळे उकडून निघतील.

नवीन आणलेली कांडी जुन्या प्लॉटच्या मधल्या गॅपमध्ये लावायची नाही. वेगळी लावा, दोन कापण्या बघा, मग पसरवा.

पायरी ५: बांध, शेजार, वारा

बांधावरच्या हरळीत मधेच पांढरी फटक, बारीक, झुपकेदार हरळी दिसते ना, बरेच जण ती उन्हाने पांढरी पडली म्हणतात. ती बऱ्याचदा फायटोप्लाझ्मानेच पांढरी झालेली असते. हरळीचा तो फायटोप्लाझ्मा बहुतेक वेगळ्या गटातला असतो, तोच नेपियरला येईल असं नाही, पण अशी हरळी दिसली म्हणजे रोग नेणारे तुडतुडे तुमच्या बांधावर असण्याची शक्यता धरून चला. पूर्ण बांध तणनाशकाने जाळू नका, माती वाहून जाते आणि ढालकिडे-क्रायसोपा हे मावा खाणारे मित्रकिडे पण तिथंच राहतात. पांढरे झुपके तेवढे खणून काढा, आणि शेतात आपोआप उगवलेली मका-ज्वारीची रोपं उपटा.

उसाचं वाढं वैरणीला आणताना मोळी नेपियरच्या कडेला उतरवायची सवय असते. वाढ्यातून मावा, पिठ्या ढेकूण फुकटात येतो. सरळ गोठ्यावर न्या.

मुरघासासाठी दर पंधरा-वीस दिवसांनी थोडी थोडी मका पेरायची पद्धत सोयीची आहे, पण किड्याला पण सोयीची आहे, जुनी मका पिवळी पडली की मावा पंख काढून शेजारच्या कोवळ्या मक्यावर. हे टाळायचं तर नवीन तुकडा जुन्याच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला घ्या. पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेकडून, म्हणजे नवीन पेरणी जुन्याच्या पश्चिमेला. हिवाळ्यात वारं बहुतेक पूर्वेकडचं, तेव्हा उलट. जागा नसेल तर दोन पेरण्यांच्या मधे चवळीचा पट्टा घ्या, मक्याचा मोझॅक चवळीला होत नाही, आणि मावा तिथं चव बघून सोंड पुसून येतो. थोडाच फरक पडतो पण फुकट आहे, शिवाय चवळी वैरण म्हणून चांगलीच.

युरिया एकदम न देता कापणीनंतर बेताने. लुसलुशीत गर्द हिरव्या वाढीवर मावा तुटून पडतो हे कोणीही बघितलंय.

पायरी ६: फवारणी, आणि तीसुद्धा कधी

पिवळे चिकट सापळे एकरी आठ-दहा, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर. हे मारायला नाहीत, मोजायला आहेत. आठवड्याला बघा, पंखवाला मावा अचानक वाढला की समजा उडून येणारी लाट सुरू झाली. आपल्याकडं ढगाळ, थंड हवा, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हा माव्याचा सीझन. जोराचा पाऊस झाला की बराच मावा धुवून जातो, त्याच्या दुसऱ्या दिवशी फवारणारे पण बघितलेत, असो.

मोझॅक असेल तर फवारणी विसरा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात, म्हणजे ओटवर मावा वसाहती करून बसलाय किंवा कडवळाच्या पोंग्यात तुडतुडे भरलेत, तिथं किडे कमी केले तर रोग पसरणं खरंच कमी होतं, कारण त्यांना वेळ लागतो. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळून शंभर लिटर पाण्यात, संध्याकाळी, पोंग्यात जाईल असा. दमट हवा असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी (किड्यांना मारणारी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम. ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या भरपूर दिसत असतील तर काहीच मारू नका, चार दिवस थांबा.

रासायनिक औषधाचं सांगतो, कापून रोज खाऊ घालायच्या चाऱ्यावर ते बसत नाही. लेबलवर पीक कोणतं लिहिलंय आणि फवारणीनंतर किती दिवस कापायचं नाही ते वाचा, मग कळेल की तेवढे दिवस थांबायला आपल्याकडं दुसरी वैरणच नसते. त्यापेक्षा ज्वारी-मक्याला पेरतानाच थायमेथोक्झामची बीजप्रक्रिया बरी, ती खोडमाशीसाठी करतात पण पहिले काही आठवडे रस पिणाऱ्यांनाही आवर बसतो. प्रक्रिया केलेलं उरलेलं बी जनावरांच्या जवळ ठेवू नका.

विळ्याबद्दल विचारतात बरेच जण. फायटोप्लाझ्मा विळ्याला लागून सहसा पसरत नाही, मोझॅक थोडाफार पसरू शकतो. म्हणून निरोगी भाग आधी कापायचा, खराब भाग शेवटी, आणि नंतर विळा साबणाने धुवायचा. एवढं बास.

पायरी ७: प्लॉट कधी मोडायचा

सुरुवातीला चार-दोन ठोंब असतात तेव्हा काढत राहा, दर पंधरा दिवसांनी फेरी. तुडतुड्याला रोग द्यायला तयार व्हायला दोन-चार आठवडे लागतात हे वर सांगितलं, तुमची फेरी त्याच्या आत झाली पाहिजे, हिशोब एवढाच. पण चिंध्या बांधून बांधून प्लॉट जत्रेसारखा दिसायला लागला, दर चार-पाच ठोंबांना एक खराब, तर मग गॅप भरत बसण्यात अर्थ नाही. पूर्ण कापा, कुट्टी किंवा मुरघास करा, नांगरून ठोंब वर काढा, उन्हात वाळू द्या, आणि उगवलेला प्रत्येक फुटवा पुन्हा काढा. एप्रिल-मे याला सगळ्यात चांगला, ऊन फुकट काम करतं.

त्या जागी लगेच मका नको, ज्वारी नको, दुसरं नेपियर तर नकोच. एक हंगाम गवतवर्गाबाहेरचं पीक घ्या, खरिपात चवळी, रब्बीत लसूणघास. लसूणघासावर पण मावा येतो, पण त्याचे रोग वेगळे, नेपियरला ते लागत नाहीत. तोवर बेण्याचा तुकडा दुसरीकडं वाढवत ठेवा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये कांडी विकत आणायची वेळ येणार नाही. आणि शेजारच्याने "तुमच्या त्या मोडलेल्या प्लॉटमधलं थोडं बेणं द्या की" म्हटलं तर त्याला सरळ नाही सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.